जुनी महाकाव्यं आजच्या वाचकाला खरंच रमवतात का?

पैलतीर :

वाचणाऱ्या मंडळींत हा प्रश्न अधूनमधून निघतोच, आणि दर वेळी उत्तरं दोन टोकांची येतात. एक गट म्हणतो, एवढा थोर वारसा, आवडणार नाही कसा? दुसरा म्हणतो, थोर असेल हो, पण दहाव्या पानावर डोळे मिटायला लागतात. पहिला गट आदराबद्दल बोलत असतो, दुसरा कंटाळ्याबद्दल. वाचताना सुख मिळतं का, मिळत असेल तर नेमकं कशात, हे बोलायचं राहूनच जातं. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकते. मला ही काव्यं मनापासून आवडतात, आणि ती 'महान' आहेत म्हणून नाही. गोष्ट कशी संपणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे, हे कवी धरूनच चालतो. त्यामुळे त्याला पुढे धावायची घाई नसते. एखाद्या क्षणापाशी तो थांबतो आणि तो क्षण पुरता बघून झाल्याशिवाय तिथून हलत नाही. आजच्या कादंबऱ्यांनी आपल्याला 'पुढे काय?'ची सवय लावली आहे. ती सवय घेऊन महाकाव्याकडे गेलं की ती रेंगाळल्यासारखी वाटतात. माझ्या मते तक्रारीचं मूळ भाषेच्या जुनेपणापेक्षा या सवयीत जास्त आहे.

होमरचं इलियड घ्या, ग्रीक आणि ट्रॉय यांच्यातल्या युद्धाचं काव्य. दहा वर्षांच्या युद्धातले शेवटच्या वर्षाचे काही आठवडे, एवढाच त्याचा काळ. त्यात लाकडी घोडा नाही, ग्रीक वीर अकिलीसचा मृत्यू नाही, ट्रॉय पडतही नाही. 'ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट' वाचायला बसलेल्याची निराशा ठरलेली. पण सहाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर रणांगणावरून थोडा वेळ शहरात येतो. तटापाशी त्याला बायको अँड्रोमाकी भेटते, दाईच्या कडेवर तान्हं पोर असतं. तो पोराला घ्यायला हात पुढे करतो, तर शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून पोर घाबरून रडायला लागतं. आई-बाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, मग पोराला उचलतो. हा माणूस मरणार हे आपल्याला माहीत आहे, बायकोला माहीत आहे, त्यालाही जवळजवळ माहीत आहे. तरी ते हसू खरं आहे.

आणि बाविसाव्या सर्गात अकिलीस त्याचा पाठलाग करत शहराभोवती फिरतो, तेव्हा ऐन जीवघेण्या धावपळीत कवी सांगतो की वाटेत दगडी हौद लागले, शांततेच्या काळात ट्रॉयच्या बायका-मुली इथेच कपडे धुवायला यायच्या. एवढंच सांगून पाठलाग पुढे सुरू. पुढे त्याच सर्गात हेक्टर मारला जातो, आणि घरात मागावर बसलेली अँड्रोमाकी दासींना सांगत असते, पाणी तापवायला ठेवा, ते लढून येतील, त्यांना आंघोळीला लागेल. इतक्या जुन्या काव्यातलं हे वाचून माझ्या अंगावर आजही काटा येतो.

तुमचा अनुभव काय? मूळ किंवा संपूर्ण अनुवाद वाचलेल्यांनी तर लिहाच, पण अर्ध्यात सोडलेल्यांनीही लिहा. कुठे सोडलंत ते नेमकं सांगा.


निळीशाई :

मी सोडलेल्यांपैकी. नेमकं ठिकाण विचारलंत म्हणून सांगतो : इलियडचा दुसरा सर्ग, जिथे कोण किती जहाजं घेऊन आला याची यादी सुरू होते. नावामागून नाव, गावामागून गाव, हजाराच्या वर जहाजं. महाभारतात द्रोणपर्वाच्या मध्यावर थांबलो. अमक्याने तमक्याला इतके बाण मारले, त्याने ते तोडले, सारथी पडला, ध्वज पडला, नवा रथ आला, पुन्हा तेच.

तुम्ही दाखवलेले प्रसंग सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण असे क्षण निवडून दाखवले की कुठलंही लांबलचक पुस्तक सुंदरच दिसेल. सामान्य वाचकाला तिथे पोचण्याआधी शेकडो पानं तुडवावी लागतात, त्यांचं काय? त्या पानांतही मजा येते असं तुम्ही म्हणणार असाल तर मला ते पटणारं नाही.


रानवाट :

निळीशाई, तुमची तक्रार रास्त आहे, पण ती डोळ्यांनी वाचणाऱ्याची आहे. ही काव्यं कानासाठी रचलेली. महाभारत तर स्वतःच हे सांगतं : जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायन ते ऐकवतो, तिथे ऐकलेलं उग्रश्रवा सौती नैमिषारण्यातल्या ऋषींना ऐकवतो. म्हणजे आपण वाचतो ते सांगितलेल्याचं सांगितलेलं.

१९३०च्या दशकात अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी आणि त्याचा सहकारी आल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियात फिरून तिथल्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांत अवदो मेजेदोविच नावाचा एक गायक होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसाने बारा हजारांहून जास्त ओळींचं एक काव्य तोंडी सांगून उतरवून दिलं. म्हणजे जवळपास होमरच्या ओडिसीएवढं! आणि ते शब्दन् शब्द पाठ केलेलं नव्हतं. ठरलेली विशेषणं, ठरलेल्या अर्ध्या ओळी, प्रसंगांचे ठरलेले साचे हाताशी धरून तो गाता गाता रचत होता. होमरच्या काव्यातला 'चपळ पायांचा अकिलीस' पुन्हा पुन्हा का येतो, ते या कामामुळे समजलं. गाणाऱ्याला पुढची ओळ जुळवायला तेवढा अवधी मिळतो आणि ऐकणाऱ्याला दम खायला.

म्हणून माझा सल्ला : ऐका. चांगल्या आवाजातलं अभिवाचन मिळालं तर उत्तम, नाहीतर स्वतः मोठ्याने वाचा. जहाजांची यादीसुद्धा ऐकताना वेगळी वाटते. एकेका गावाचं नाव येतं, आणि त्या गावचे लोक समोर बसले असतील तर त्यांना काय वाटत असेल, हे आपोआप डोक्यात येतं. बाणांच्या पावसाबद्दल मात्र माझ्याकडेही उत्तर नाही. :)


उत्तररात्र :

कंटाळ्याचं सोडा, मला वेगळंच टोचतं. ओडिसीच्या बाविसाव्या सर्गात ओडिसियसच्या बायकोला मागणी घालायला घरात ठाण मांडून बसलेल्यांना मारून झाल्यावर बारा दासींना फासावर लटकवतात. का, तर त्या त्या पुरुषांबरोबर निजल्या. दासींना 'नाही' म्हणायची सोय होती का, हे कुणीच विचारत नाही. जाळ्यात अडकलेल्या पाखरांची उपमा येते, त्यांचे पाय थोडा वेळ हलले आणि थांबले, असं वर्णन येतं, आणि गोष्ट पुढे निघून जाते.

आपल्याकडे एकलव्याचा अंगठा आहे, उत्तरकांडातला शंबूक आहे, खांडववन जाळताना बाहेर पळणाऱ्या जिवांना पुन्हा आगीत लोटणारे कृष्णार्जुन आहेत. हे वाचताना रमायचं कसं? की हे जरा बाजूला ठेवून फक्त हेक्टरच्या बाळाजवळ थांबायचं?


पैलतीर :

उत्तररात्र, बाजूला ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. तुम्ही दासींच्या प्रसंगातली पाखरांची उपमा लिहिलीत, तीच पुन्हा बघा. त्या दासींना दोषी ठरवणारा कवी त्यांच्या मरणाची तुलना घरट्याकडे निघालेल्या आणि वाटेत फाशात सापडलेल्या पाखरांशी करतो. घरट्याचा उल्लेख करायची त्याला काही गरज नव्हती. ओडिसियसची बाजू घेणाऱ्या काव्यातच त्या बायकांसाठी ही एवढी जागा राहिली आहे, आणि तुम्हाला टोचलं ते तिथेच. काव्याने तुम्हाला गप्प बसवलं नाही, उलट बोलायला लावलं.

खांडववनाचंही तसंच. तिथे कवी काहीच झाकत नाही. जळणारे पक्षी, उकळणारी तळी, पिलांना सोडून जावं की नाही या पेचात पडलेली शार्ङ्गिका पक्षीण, सगळं सांगतो. ज्यांचा विजय गायचा त्यांच्याच हातून झालेली होळी इतकी तपशिलाने गायची, याला धाडस लागतं.

एकलव्य आणि शंबूक यांच्याबाबतीत मात्र असं काही सांगून मी तुमचं समाधान करू शकत नाही आणि करू नयेही. तिथे राग येतो आणि तो यायलाच हवा. माझं म्हणणं इतकंच की रमणं म्हणजे सगळं पटणं नव्हे. काव्यावर रागावून त्याच्याशी भांडत वाचणं हीसुद्धा त्यात गुंतण्याचीच एक तऱ्हा आहे, आणि मी तरी महाभारत बऱ्याचदा तसंच वाचते.

निळीशाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, प्रत्येक पानावर मजा येत नाही. गाळा बिनधास्त. द्रोणपर्वातली द्वंद्वं भरभर उलटा, शांतिपर्वातला राजधर्म नंतरसाठी ठेवा. शांतिपर्व अठरा पर्वांत सगळ्यांत मोठं आहे, आणि तिथे अडकून पुढची छोटी पर्वं राहून जातात हे खरं नुकसान. मौसलपर्व वाचल्याशिवाय महाभारत मिटू नका. यादव आपापसात लढून संपतात, उरलेल्या बायका-मुलांना घेऊन अर्जुन निघतो, वाटेत साधे काठ्या घेतलेले लुटारू येतात. अर्जुन गांडीवाला कशीबशी दोरी चढवतो, पण अस्त्रं आठवत नाहीत आणि अक्षय म्हणून ख्याती असलेले बाण संपून जातात. जगातला पहिल्या क्रमांकाचा धनुर्धर शेवटी धनुष्याच्या टोकाने चोरांना ढोसत राहतो आणि त्याच्यादेखत ते बायकांना ओढून नेतात. द्रोणपर्वातल्या त्या सगळ्या बाणांचा हिशेब इथे येऊन लागतो.


कवडसा :

+१. मौसलपर्वाबद्दल अगदी अगदी.

मला प्राचीन मेसोपोटेमियातल्या 'गिल्गमेश' या काव्याबद्दल लिहायचंय, कारण ज्यांना आकाराची धास्ती वाटते त्यांच्यासाठी ते उत्तम. मातीच्या बारा पट्ट्या, त्यातली शेवटची मूळ कथेला नंतर जोडलेली. अनुवाद एक-दोन बैठकीत वाचून होतो. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने त्यातली प्रलयाची कथा वाचली तोवर हे काव्य जगाच्या स्मरणातून पार पुसलं गेलं होतं. त्यामुळे रामायण-महाभारतासारखं लहानपणापासून कानावर पडलेलं काहीच इथे आड येत नाही.

जिवलग मित्र एनकिडू मरतो तेव्हा गिल्गमेश सहा दिवस सात रात्री त्याला पुरू देत नाही. प्रेताच्या नाकातून अळी पडते तेव्हा कुठे तो मानतो. मग मरण चुकवायला जगाच्या टोकाशी जातो. तिथला अमर म्हातारा उतनपिश्तिम त्याला म्हणतो, मरणाला हरवायला निघालास ना, आधी सहा दिवस सात रात्री झोपेला हरवून दाखव. हा बसल्या जागी झोपतो! म्हाताऱ्याची बायको रोज एक भाकर भाजून त्याच्या उशाशी ठेवते आणि भिंतीवर खूण करते. जागा झाल्यावर गिल्गमेश म्हणतो, आत्ता कुठे जरा डोळा लागला होता. म्हातारा भाकरी मोजायला सांगतो. पहिली वाळून खडखडीत, मधल्या बुरसटलेल्या, शेवटची अजून निखाऱ्यावर. माणूस मर्त्य आहे हे सिद्ध करायला याहून साधा पुरावा मी कुठे वाचलेला नाही.


सांजभूल :

वाचतेय सगळं. एक भाबडा प्रश्न. रामायण-महाभारताच्या गोष्टी आपल्याला इतक्या माहीत असतात की मुळातून वाचायला घेतलं तरी 'हे माहीतच आहे' असं होतं. पैलतीरताई म्हणतात की माहीत असणं हाच पाया आहे, पण मला तो अडसर वाटतो. त्यावर काय करावं?


जुनीवही :

सांजभूल, आपल्याला माहीत असतं त्यातलं बरंच मुळात नसतंच! लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडल्यावर द्रौपदी 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणते, ते महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत नाही. तिथे हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर. द्रौपदी हसली हे पुढे दुर्योधन बापाला सांगतो, म्हणजे दुखावलेल्या माणसाच्या तोंडून येतं. या एका फरकाने सगळं द्यूतपर्व वेगळं वाचलं जातं. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही कथाही त्या आवृत्तीने मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात टाकली आहे.

ही आवृत्ती म्हणजे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचं काम. १९१९ मध्ये सुरू झालं, १९६६ मध्ये पुरं झालं. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून मुख्य संपादक होते, १९४३ मध्ये ते गेले आणि काम इतरांनी तडीस नेलं. बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून पाहिली. माणसांनी इतकी वर्षं एका काव्याच्या पाठांवर घालवली, यातच त्या काव्याची ओढ किती जबर आहे ते दिसतं.

मुळातलं वाचताना मला सगळ्यांत मोठं सुख या ठेचा लागण्याचं मिळतं. ओळखीचा रस्ता आणि अचानक वळण.

सुंदरकांडातलं एक सांगतो. हनुमान रात्री रावणाच्या अंतःपुरात सीतेला शोधतोय. मद्याने आणि नाचगाण्याने दमून झोपलेल्या स्त्रियांचं लांबच लांब वर्णन आहे, एक वीणेला मिठी मारून झोपलीय, एक मृदंगाला बिलगून. मग त्याला मंदोदरी दिसते आणि हीच सीता असं वाटून त्याला इतका आनंद होतो की तो दंड थोपटतो, स्वतःची शेपटी चुंबतो, खांबांवर चढतो आणि जमिनीवर उड्या टाकतो. शेवटी कवी म्हणतो, त्याने आपला वानरस्वभाव दाखवला. मग क्षणात भानावर येतो : रामाच्या विरहात सीता अशी निवांत झोपेल का? नंतर त्याला आणखी एक चिंता लागते, आपण परक्या झोपलेल्या स्त्रियांना असं पाहिलं हे बरं झालं का? त्याचं उत्तरही तो स्वतःच शोधतो. बाईला शोधायचं तर बायकांतच शोधणार, आणि माझं मन तर चळलेलं नाही. मूर्तीतल्या हात जोडलेल्या हनुमानापेक्षा हा हनुमान मला कितीतरी जवळचा वाटतो.


सांजभूल :

शेपटीचं चुंबन!! हे खरंच माहीत नव्हतं. सुंदरकांडापासून सुरुवात करते. पूर्ण अनुवाद घेऊ की संक्षिप्त?


जुनीवही :

पूर्णच घ्या, एकच कांड असलं तरी चालेल. संक्षिप्त आवृत्त्यांत घटना राहतात आणि नेमकं हे सगळं गळतं, कारण कथानकाच्या हिशेबाने त्याची गरज नसते. हजार पानांचा सारांश वाचण्यापेक्षा शंभर पानं अख्खी वाचलेली बरी.


निळीशाई :

पैलतीर यांचं ऐकून छोटी पर्वं काढली. मौसलच्या आधी सौप्तिकपर्व वाचलं, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

युद्ध संपलंय. अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा रात्री एका वडाखाली आलेत. बाकीचे दोघे झोपलेत, अश्वत्थाम्याला झोप नाही. वर फांद्यांवर कावळे झोपलेले. एक घुबड येतं आणि झोपेतल्या कावळ्यांना एकेक करून मारतं. खाली पंखांचा, तुटलेल्या अवयवांचा सडा. त्यातून त्याला सुचतं. कृप आधी समजावतो, झोपलेल्यांना मारू नये, आधी थोरांचा सल्ला घेऊ, सकाळी लढू. पण शेवटी तोही पाठोपाठ जातो आणि छावणीच्या दाराशी उभा राहून पळणाऱ्यांना कापतो. मला अश्वत्थाम्यापेक्षा हा कृप जास्त भयंकर वाटला. त्याला सगळं कळतंय, तो सगळं बोलतोय, आणि तरी जातोय.

हे एका बैठकीत वाचलं, एकही ओळ गाळली नाही. द्रोणपर्वाबद्दलचं मत बदललेलं नाही, ते मला आजही थकवतं. 'महाकाव्यं रमवतात का' हा प्रश्न सरसकट विचारण्यात अर्थ नाही, एवढं मात्र आता म्हणेन. सौप्तिक रमवतं म्हणावं तर शब्द थिटा पडतो, ते झोप उडवतं.


उत्तररात्र :

निळीशाई, कृपाबद्दल अगदी बरोबर. त्याला लागूनच स्त्रीपर्व आहे, ते सोडू नका. मी काल आक्षेप घेतला होता आणि तो तसाच उभा आहे, पण स्त्रीपर्वापाशी मीही थांबते. भूरिश्रव्याचा हात सात्यकीशी लढताना अर्जुनाने बाण मारून तोडलेला. युद्धानंतर त्याची बायको तो तुटलेला हात मांडीवर घेऊन बसते आणि हाच हात आपली मेखला सोडवायचा, अंगावरून फिरायचा, असं म्हणते. रणांगणात, प्रेतांमध्ये, सगळ्यांदेखत. शोकात शृंगार असा मिसळतो की पुढे काव्यशास्त्राच्या ग्रंथकारांना हा श्लोक उदाहरणासाठी घ्यावा लागला.


रानवाट :

काव्यशास्त्राचा विषय निघालाच आहे तर : आनंदवर्धनाने नवव्या शतकात महाभारताचा मुख्य रस शांत ठरवला. वीर नाही! मला हे मत आधी ओढूनताणून आणलेलं वाटायचं. पण शेवटची पर्वं वाचून झाल्यावर मागे वळून पाहिलं की पटतं. युद्धाचा विजय कुणालाच पचलेला नाही. युधिष्ठिर स्वर्गात जातो तर तिथे समोर दुर्योधन आसनावर बसलेला, आणि भाऊ नरकात. तिथेही त्याची चिडचिड होते, देवांशी वाद घालतो. शौर्यकथा म्हणून वाचायला घेतलं तर हा शेवट भलताच वाटतो. निळीशाईंना द्रोणपर्वात जे खटकलं त्यात हेही असावं, आपण वीररस शोधत जातो आणि तो हजार बाणांनंतर पातळ होतो.


पैलतीर :

रानवाट, हे लिहिलंत ते फार मोलाचं. आनंदवर्धनाचं मत हाताशी धरून उद्योगपर्वापासून पुन्हा वाचावं असं मनात आलंय.

निळीशाई, उत्तररात्र म्हणतात तसं स्त्रीपर्व घ्याच, सौप्तिकच्या लगेच पुढे. त्यात गांधारीची नजर डोळ्यांवरच्या पट्टीखालून युधिष्ठिराच्या पायाच्या नखांवर पडते तो प्रसंगही आहे. ते झालं की इलियडचा चोविसावा सर्ग. आधीचे तेवीस सध्या राहू द्यात, जहाजांची यादी तर राहूच द्या. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जाऊन आपल्या मुलाला मारणाऱ्याचे हात चुंबतो, दोघंही रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी, आणि मग अकिलीस त्याला जेवायला बसवतो. स्त्रीपर्व आणि हा सर्ग पाठोपाठ वाचून काय वाटलं ते इथेच लिहा, मला ऐकायचंय.

आणि कुणी फिरदौसीचं फारसी महाकाव्य शाहनामा पूर्ण वाचलं असेल तर कृपया पुढे या. रुस्तम-सोहराबपलीकडे माझी मजल गेलेली नाही, आणि पन्नास हजारांच्या आसपास द्विपद्यांच्या काव्यात कुठून शिरावं याचा सल्ला हवाय.